पोटात वाजलेला फोन

मित्रांनो, माझ्या पोटात फोन ठेवला की तो बहिरा होतो. बाहेरून कुणी कितीही हाका मारो, त्याला काही म्हणजे काही ऐकू जात नाही. निदान परवा दुपारपर्यंत मी तसंच समजत होते. परवापासून मात्र मी सुन्न आहे. मी एक राखाडी, चौकोनी, जुनी पिशवी. हे सांगताना माझी शिवण न् शिवण थरथरते आहे.

माझा जन्म एका शिवणखान्यात झाला. माझ्या कापडात सुताबरोबर केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारा विणल्या आहेत. फोनकडे येणारे संदेश त्या तारांची जाळी वाटेतच अडवते. मला शिवणारी बाई यंत्र चालवता चालवता गुणगुणायची,

'टाक्याशेजारी टाका, घाल बाई नीट,
दाराआडच्या गुजाला लागू नये दीठ.'

माझं काम मला त्या दोन ओळींतूनच कळलं.

तिथून मी एका कचेरीत आले. गुन्ह्यांशी संबंध असलेले फोन आणि संगणक तिथे तपासले जातात. तुम्ही म्हणाल, तिथे पिशवीचं काय काम? सांगते. तपासासाठी फोन हाती आला, तरी ज्याला त्याचा पासवर्ड ठाऊक आहे तो माणूस दूर कुठेतरी बसून त्यातलं सगळं पुसून टाकू शकतो. एक आज्ञा धाडली की झालं! म्हणून फोन आधी माझ्या पोटात जायचा. "ही पिशवी सोबत असली की मला घोर नसतो," असं मोठे साहेब म्हणायचे, तेव्हा मी आनंदानं फुगायचे. काम संपलं की मला मधोमध दुमडून खणात कोंबायचे. सहा वर्षं, रोज त्याच घडीवर. घडी दुखायची, पण सांगणार कुणाला?

मग नव्या पिशव्या आल्या आणि माझी रवानगी तळमजल्यावरच्या प्रशिक्षण वर्गात झाली. डिजिटल सुरक्षेत नोकरी करू पाहणारी बारा माणसं तिथे शिकत होती. फोनला हात लावण्याआधी फोटो काढायचा, वेळ लिहायची, वस्तू कुणाच्या हातून कुणाच्या हातात गेली तेही लिहायचं, असे धडे सर त्यांच्याकडून गिरवून घेत.

त्या बारांत एक ताई होती. आधी तिची मोबाइल दुरुस्तीची टपरी होती. ती बंद ठेवून दहा महिने ती इथे येत होती. घरी एकाच टेबलावर एका बाजूला लेकीचा अभ्यास, दुसऱ्या बाजूला हिचा. वर्गातली तरणी मुलं तिला चिडवायची, "ताई, हा फोन उघडायचा नाही हं. नुसता धरायचा!"

"अरे, हात शिवशिवतात माझे," ती हसून म्हणायची. मला मात्र ती लेकराला उचलावं तशी दोन्ही हातांनी उचलायची.

परवा तिची शेवटची परीक्षा होती. ती पास झाली तर नोकरी ठरलेली होती. नापास झाली तर पुन्हा वर्षभर थांबायचं. टेबलावर एक चालू फोन होता. त्याचा फोटो काढून, वेळ लिहून तो माझ्यात ठेवायचा आणि जिना चढून वरच्या बंद प्रयोगशाळेत न्यायचा. त्या खोलीत रेंज पोचतच नाही. ताई जिन्यात असताना परीक्षक बाई दुसऱ्या खोलीतून फोन पुसण्याची आज्ञा धाडणार होत्या. फोन तसाच राहिला तर ताई पास.

ताईनं सगळं चोख केलं. माझं झाकण दोनदा दुमडलं, घट्ट दाबलं. वर गेल्यावर फोन बाहेर काढला, आणि पडद्यावर अक्षरं उमटली, 'तुमचे स्वागत आहे.' फोन कोरा झाला होता.

"झाकण उघडं राहिलं असणार," सर म्हणाले.

"नाही सर. दोनदा दुमडलं मी."

"मग वाटेत काढून पाहिला असेल."

"अहो, लेकीची शपथ, नाही काढला!"

"ताई, कारणं नकोत. पुढच्या वर्षी बसा."

चिडवणारी मुलं खाली मान घालून उभी राहिली. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, की तो फोन जिन्यात माझ्या पोटात एकदा थरथरला होता. पण पिशवीला कुठला आवाज?

ताईनं डोळे पुसले. मग म्हणाली, "सर, टपरीवर बंद फोन आला की मी आधी गिऱ्हाइकाला बोल लावत नाही. आधी चार्जर तपासते. ही पिशवी तपासू या."

"सकाळीच तपासली आहे. वहीत सही आहे."

"असू दे की. सहीला रेंज कळते का?"

रेंज मिळावी म्हणून सगळे व्हरांड्यात आले. ताईनं स्वतःचा फोन माझ्यात ठेवला, झाकण दोनदा दुमडलं. परीक्षक बाईंनी तिचा नंबर फिरवला. आणि माझ्या पोटातून तिनं रिंगटोन म्हणून भरून ठेवलेला लेकीचा आवाज खणखणला, "आई, फोन उचल ना गं! आई, फोन उचल!"

कुणीही हसलं नाही. परीक्षक बाईंनी मला उजेडासमोर धरलं. मधल्या घडीवर तारा तुटून सुईच्या टोकाएवढी भोकं पडली होती. त्यांनी वही मागवली. रोज सकाळी पिशवीत फोन ठेवून तो वाजतो का पाहायचं आणि सही करायची, असा नियम होता. वहीत सरांची सही त्या दिवसाच्या रकान्यात होती आणि अजून न उजाडलेल्या पुढच्या दोन दिवसांच्याही!

सरांनी त्या रकान्यांवर बोट ठेवलं. "सही माझी आहे," ते म्हणाले. "तपासणी नाही."

परीक्षक बाईंनी ताईच्या कागदावर 'उत्तीर्ण' लिहिलं. मुलांनी टाळ्यांसाठी हात उचलले, तोच ताईनं विचारलं, "सर, ही पिशवी वर होती तेव्हा हिच्यातून आलेल्या फोनांचं काय?"

उचललेले हात तसेच राहिले. आणि मित्रांनो, मला त्या बाई आठवल्या. त्या एका ग्रंथालयात काम करायच्या. कुणीतरी त्यांना रोज धमक्या धाडत होतं. सगळ्या धमक्या फोनमध्ये जपून त्यांनी तो स्वतःच्या हातांनी साहेबांना दिला, साहेबांनी माझ्यात ठेवला. वाटेत तो थरथरला. मला वाटलं, गाडीचा धक्का. प्रयोगशाळेत त्याच्याही पडद्यावर 'तुमचे स्वागत आहे' होतं. "बाईंनीच पुसलं असणार," असं ठरलं आणि तक्रार बंद झाली. "अहो, मी का पुसेन? मीच तर घेऊन आले!" हे त्यांचे शब्द मी खणात पडून ऐकले होते. त्या खोटं बोलताहेत असं मलाही वाटलं होतं. माझ्या अंगाला भोक असेल आणि त्यातून त्या धमकावणाऱ्याचीच आज्ञा आत शिरली असेल, हे मनातसुद्धा आलं नाही.

परवा संध्याकाळी वरची सहा वर्षांची कागदपत्रं बाहेर निघाली. मला पारदर्शक पाकिटात घालून लाखेची मोहोर लावली. चिठ्ठीवर सरांनी तारीख लिहिली, कुणी दिली, कुणी घेतली ते लिहिलं. पुरावे सांभाळणारी मी, आता मीच पुरावा झाले आहे.

मित्रांनो, जुनं होण्यात लाज नाही. पण आम्हा वस्तूंना आपलं दुखणं सांगता येत नाही. म्हणून आम्हाला वाकवून पाहा, उजेडासमोर धरून पाहा. न पाहता सही करू नका. आणि कुणी रडवेल्या तोंडानं 'मी नाही केलं' म्हणालं, तर त्याला खोटं ठरवण्याआधी आम्हाला एकदा तपासा.

उद्या त्या ग्रंथालयातल्या बाईंना बोलावलं आहे. मला त्यांच्यासमोर टेबलावर ठेवणार आहेत. माफी मागायला मला तोंड नाही. माझी फाटकी घडी तेवढी त्यांना नीट दिसेल अशी ठेवा.