ग्रहणातलं वांगं

मी ओठ शिवते. दुभंगलेले ओठ, टाळू, भाजून आखडलेल्या माना. पण धाराशिव जिल्ह्यात नुसतं शिवून भागत नाही. बाळ फाटक्या ओठाचं जन्मलं की आईनं ग्रहणात काहीतरी चिरलं असणार, हे गाव ठरवून मोकळं होतं. ओठ जुळतो, आईवरचा ठपका तसाच राहतो. तो पुसायला मी अणदूरच्या द्वारकाबाईंना हाताशी धरलं होतं. आमच्या आरोग्यसेविका. बोलायला लागल्या की दगडालाही पटावं.

गेल्या सूर्यग्रहणाला त्यांनी आपल्याच अंगणात बाया जमवल्या आणि पाचव्या महिन्यातल्या सुनेला, आरोहीला, विळीवर बसवलं. पोरीनं वांगं हातात घेतलं आणि सासूकडं पाहिलं.

"चीर गं, म्या हाय न्हवं," द्वारकाबाई म्हणाल्या.

आरोहीनं वांगं चिरलं. त्याची भाजी मी तिथंच भाकरीशी खाल्ली. मला द्वारकाबाईंचा केवढा अभिमान वाटला होता!

आरोहीचं बाळ दुभंगलेल्या ओठाचं झालं.

कळताच मी अणदूरला गेले. ओट्यावर त्याच बाया बसल्या होत्या. "द्वारकाबाई, ओठ दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच जुळतो. बाळाचा जुळला नाही, ते ग्रहणाच्या कितीतरी आधीच. हे तुम्हीच गावोगाव सांगता ना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बायांना म्हणाल्या, "लई सांगितलं हिला, चिरू नको म्हून. ऐकलंच न्हाय."

त्या दिवशी अंगणात हजर असलेल्या एकीनंही तोंड उघडलं नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! मी तिथंच ओरडले, "खोटं बोलताय तुम्ही!" त्या उठून घरात गेल्या. थोड्याच दिवसांत आरोहीची बाळासकट कळंबला, माहेरी रवानगी झाली. नवरा, युवराज, पुन्हा तिकडं फिरकला नाही.

बाळाचं वजन भरल्यावर मी ऑपरेशन केलं. टाका असा बसला की माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली. दुसऱ्या दिवशी वॉर्डात द्वारकाबाई हजर! सोबत युवराज. नातवाचा ओठ पाहून त्या ढसाढसा रडल्या, माझे पाय धरायला वाकल्या. मी त्यांना उठवलं. खोटं कशाला सांगू, माझा सगळा राग त्या क्षणी विरघळला. वाटलं, आपली द्वारकाबाई परत आली.

शेजारच्या खाटेवर भूमची एक बाई तसंच बाळ घेऊन बसली होती. द्वारकाबाई डोळे पुसत तिच्याकडे वळल्या. "भिऊ नगंस बाई. माझ्या सुनंनं तर भर ग्रहणात वांगं चिरलं व्हतं. तरी डॉक्टरबाईंनी निस्तरलं बघ."

त्या बाईनं आपल्या बाळाकडं पाहिलं आणि मान खाली घातली. ती काय आठवत होती, मला कळलं. माझंच काम माझ्यावर उलटवलं होतं, तेही मीच शिकवलेल्या बाईनं. मी तोंड उघडणार, एवढ्यात आरोहीनं माझा हात घट्ट धरला.

"नका बोलू, डॉक्टरबाई," ती सासूकडं बघत हळूच म्हणाली. "आत्याबाई घरी न्यायला आल्यात."

मग ती मोठ्यानं, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाली, "व्हय, चुकलंच माझं."