काळ्या रंगाखालची मूठ

मित्रांनो, रंगमंचामागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ज्या काळ्या, गोलमटोल वस्तूला प्रत्येक नवा माणूस एकदा तरी ठेचकाळतो, ती मी. मी एक केटलबेल आहे, व्यायामात उचलायचं लोखंडी वजन. तळ सपाट, पोट गोल आणि वर जाड लोखंडी मूठ. किटलीची तोटी कुणीतरी कापून नेली की काय, असं मुलं म्हणतात. म्हणू देत. वयाने मी जुनी झाले, पण स्वभावाने निवांत काही झाले नाही. मला स्वतःला तसूभर हलता येत नाही आणि एका जागी बसवतही नाही, हे माझं खरं दुखणं.

माझा जन्म ओतशाळेतला. वाळूच्या साच्यात वितळलेलं लोखंड ओतलं, ते पुरतं थंड होण्याआधीच मला बाहेर पडायची घाई झाली होती. ओताऱ्याने साचा फोडला, मुठीच्या कडा कानशीने घासल्या आणि माझ्या पोटावरचा वजनाचा आकडा अंगठ्याने पुसून पाहिला. आकडा ठसठशीत उठला होता. मला त्याचा फार तोरा होता.

तिथून मी एका व्यायामशाळेत आले. ती चालवायची एक ठेंगणी, करड्या आवाजाची बाई. पुढे जिची गोष्ट सांगणार आहे त्या ताईची ती सख्खी मावशी, म्हणून मीही तिला मावशीच म्हणते. तिथे दिवसभर माझ्या मुठीला खडूची पूड लागलेले हात लागत. कुणी मला झुलवायचं, कुणी छातीशी धरून चालायचं. पण मला आवडायचं ते एकच, डोक्यावर जाणं. खांद्यापाशी घटकाभर टेकायचं आणि मग हात कानालगत सरळ होईपर्यंत वर, वर जायचं. तिथून कपाटावरची धूळ दिसायची, पंख्याची कोळिष्टकं दिसायची, मावशीचा भांग दिसायचा. खाली आणलं की मी लगेच पुन्हा वर जायची वाट बघायची.

पुढे मावशीचे गुडघे कुरकुरू लागले आणि व्यायामशाळा बंद झाली. सामान ज्याने त्याने नेलं. मला नेलं ताईने. ती एका नाटकमंडळीत दिवे लावायचं काम करायची. तिथल्या भिंती खोट्या असतात, लाकडी चौकटीवर ताणलेल्या कापडाच्या. त्या पडू नयेत म्हणून मागून तिरपा टेकू देतात आणि टेकूच्या पायावर वजन ठेवतात. ते वजन म्हणजे मी. आली का पंचाईत? आणि तिथल्या रंगाऱ्याचा एक नेमच होता, रंगमंचामागची वस्तू काळीच हवी, नाहीतर ती दिव्यात चमकते. एकदा त्याने झोपलेल्या सुताराच्या चपलाही काळ्या करून टाकल्या होत्या. त्याने मला तळापासून मुठीपर्यंत तुकतुकीत तेलरंग फासला. माझा आकडा बुजला. मी त्या भिंतीमागे किती काळ बसून राहिले ते मला सांगवत नाही. समोर माणसं हसत, रडत, टाळ्या पडत, आणि मला दिसायची ती फक्त कापडाची उलटी बाजू.

मग एक दिवस ताई शिडीवरून घसरली. हाड मोडलं नाही, पण उजवा खांदा दुखावला. तो बरा झाल्यावर ती कामावर आली आणि पहिलाच दिवा वर न्यायला गेली, तर हात कपाळापर्यंत जाऊन थरथरायला लागला. दिव्यांचे प्रमुख, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात, खालूनच म्हणाले, "राहू दे. तू आता खाली बसून बटणं सांभाळ."

"मास्तर, मी बरी आहे."

"खांदा तसं म्हणत नाहीये. नव्या नाटकापर्यंत बघू. नाहीच जमलं तर वरच्या कामाला दुसरं माणूस घेईन, आणि मग ती जागा त्याची. तुझ्यावर राग नाही माझा, पण दिवा कुणाच्या डोक्यात पडला तर मी काय सांगू?"

मास्तरांचं चूक नव्हतं, म्हणून ताईला जास्तच लागलं. शिडी चढायची, आडव्या पाइपला दिवा अडकवायचा, एका हाताने तो डोक्यावर तोलून धरायचा आणि दुसऱ्या हाताने पान्याने बोल्ट आवळायचा, हे तिचं काम होतं. यातच तिचा जीव रमायचा. ती भिंतीमागे येऊन माझ्याशेजारी जमिनीवर बसली.  मग सहज तिने माझ्या मुठीत हात घातला आणि मला उचलून पाहिलं. मित्रांनो, त्या क्षणी मी लोखंडाची नसते तर उडीच मारली असती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी हजर. काठी टेकत आली, एका उलट्या पेटीवर बसली आणि जणू व्यायामशाळा कधी बंदच झाली नव्हती अशा थाटात तिने हुकूम सोडला, "उचल. छातीशी धर. कोपर फासळीला, मनगट सरळ. आता चाल."

"मावशी, मला वर न्यायचीय ती."

"तुला न्यायचीय गं. खांद्याला विचारलंस का?"

ताईइतकीच मीही चरफडले. नुसतं छातीशी धरून चालायचं? पण मावशीपुढे कुणाचं चालतं? बरेच दिवस आमचं असंच चाललं. मग तिने ताईला एक गुडघा टेकून बसवलं आणि मला वर दाबायला लावलं. उभ्याने दाबताना ताई कमरेतून मागे झुकायची, गुडघा टेकल्यावर ती पळवाट बंद झाली. त्यानंतर पाय सरळ पसरून जमिनीवर बसायचं आणि दाबायचं. "आता कमरेचीही मदत नाही, पायांचीही नाही," मावशी म्हणाली, "आता खांदा किती खरं बोलतो ते कळेल." मग उभ्याने गुडघे किंचित वाकवून झटक्याने मला वर उडवायचं आणि खाली मात्र अगदी सावकाश आणायचं. खाली येताना मला वैताग यायचा, त्यात मावशी ताईला श्वास रोखू द्यायची नाही. दातांमधून 'श्श' असा बारीक आवाज करत ताई मला खाली आणायची. तो आवाज माझ्या ओळखीचा झाला.

हळूहळू माझं वर जाणं सुरू झालं. आधी तिच्या डोळ्यांपर्यंत, मग कपाळापर्यंत, मग एके दिवशी थेट कानालगत. वरून मला खोट्या भिंतीची वरची कड दिसली. पलीकडे रिकाम्या खुर्च्या होत्या. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू.

शेवटी मावशीने एक नवा प्रकार काढला. मूठ खाली आणि पोट आकाशाकडे, अशी केटलबेल उलटी धरून दाबायची. दिवा असाच तोलावा लागतो, वजन वर आणि पकड खाली. पण त्यासाठी तिने घरून पिशवीत घालून माझी धाकटी बहीण आणली, चिमुकली, हलकी, रंग न लावलेली. "ही मोठी उलटी करायची नाही. मी सांगेन तेव्हा," तिने बजावलं. माझा जळफळाट झाला. ताईच्या चेहऱ्यावरही काही समाधान दिसत नव्हतं.

आणि त्याच आठवड्यात मास्तरांनी सांगितलं, "परवा वरच्या कामासाठी एक जण येतोय. ताई, त्याच्याआधी तू एकदा दिवा लावून दाखव."

ताईच्या तोंडचं पाणी पळालं. दुपारी सगळे जेवायला गेले, मावशी अजून यायची होती. ताईने धाकटीला बाजूला सारलं, मला उचललं आणि उलटं केलं. मी खूश. माझं पोट वर, मूठ तिच्या घामेजल्या पंजात. एरवी माझा भार तिच्या मनगटामागे टेकलेला असायचा, त्यामुळे मुठीवरचा तुकतुकीत रंग कधी नडला नव्हता. आता सगळा भार त्या मुठीवरच होता. खांद्यापासून थोडी वर गेले आणि मला जाणवलं की मी फिरतेय. मला थांबता येईना. तिला धरता येईना.

ताईने हात सोडला आणि ती मागे सरली. मावशीने पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, सुटली की सोडून द्यायची, वाचवायला जायचं नाही. मी धाडकन फळीवर आदळले. फळीला खळगा पडला. ताईला काही लागलं नाही, पण ती मागच्या पक्क्या भिंतीला पाठ लावून खाली बसली आणि माझ्याकडे बघायचंही तिने टाळलं.

मावशी आली, तिने खळगा पाहिला, मला पाहिलं, माझ्या मुठीवरून अंगठा फिरवला. मग तिने रंगाऱ्याला हाक मारली.

"मुठीला रंग कोणी लावला?"

"मीच. मागची वस्तू काळीच हवी, मावशी."

"पोट कर काळं, मी कुठे नाही म्हणते? पण जिथे माणूस धरतं तिथे कशाला? घासकागद दे इकडे."

रंगारी मुकाट्याने घासकागद घेऊन आला आणि स्वतःच घासायला बसला. मावशी ताईला एवढंच म्हणाली, "घाई केलीस." ताईने मान डोलावली. तिला रडू आलं आणि तिने ते लपवलंही नाही. मूठ पुरती उघडी झाल्यावर, ओताऱ्याने सोडली होती तशी खरखरीत झाल्यावर, मावशीने ताईला तिथेच, त्या खळग्याशेजारी गुडघा टेकायला लावला. "उलटी नको. साधी. आणि आत्ताच, नाहीतर ही भीती घरी घेऊन जाशील." ताईने मला वर नेलं. सावकाश खाली आणलं. या वेळी पकड सुटली नाही.

तो परवाचा दिवस मात्र मी पाहिलाच नाही. मी भिंतीमागे टेकूच्या पायावर बसले होते. शिडी पलीकडे. मला फक्त ऐकू येत होतं. शिडीच्या पायऱ्या वाजल्या. साखळी खळखळली. पाइपला लोखंड लागल्याचा आवाज झाला. मग पान्याचा कर्रकर्र आवाज, आणि तो मध्येच अडला. बोल्ट गंजलेला असावा.  माझा जीव टांगणीला लागला.

"खाली ये," मास्तर म्हणाले. "दोघं मिळून लावू."

 वरून आला तो फक्त 'श्श' असा बारीक, दातांमधला आवाज. तो मला कळला. ताईने श्वास रोखला नव्हता. कोपर डळमळलं असतं तर तो आवाज तुटला असता, आणि तो तुटत नव्हता. पाना पुन्हा कर्र करून फिरला, मग आणखी एकदा, मग शेवटचा घट्ट झटका. दिवा पडू नये म्हणून लावतात त्या साखळीची कडी अडकली.

 मास्तर कुणाला तरी म्हणाले, "बघत काय राहिलास? पुढचा दिवा दे तिला."

संध्याकाळी ताई भिंतीमागे आली. पाणी प्यायली, माझ्या उघड्या मुठीवर हात ठेवून क्षणभर उभी राहिली आणि परत शिडीकडे पळाली. मला उचललं नाही. उद्या उचलेल. उद्या डाव्या हाताची पाळी आहे, आणि मी आत्तापासूनच वाट बघतेय.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं काही ना काही दाराला टेकवलेलं, कोपऱ्यात सारलेलं असेल. त्याला हवं तर काळं करा, त्यावर फडकी वाळत घाला, माझी तक्रार नाही. पण मूठ तेवढी उघडी ठेवा. एखाद्या दुपारी कुणीतरी शेजारी येऊन बसेल, आणि सहज त्या मुठीत हात घालेल.