बारीक वस्तू नसलेलं घर

धाकटी जन्मायच्या आधीच थोरला गेला होता. दीड वर्षाचं पोर. जमिनीवरचा शेंगदाणा उचलून त्याने तोंडात घातला आणि तो घशात अडकला. आई हाकेच्या अंतरावर कपडे वाळत घालत होती.

त्यानंतर घरातून बारीक वस्तू हद्दपार झाल्या. मणी नाहीत, गोट्या नाहीत, धाकटीच्या फ्रॉकला बटणंसुद्धा नाहीत. पोरगी पाच वर्षांची झाली तरी आईच तिला भरवायची, आईच कपडे घालायची.

बालवाडीच्या बाईंनी एकदा आईला थांबवून घेतलं. "लेक हुशार आहे हो तुमची. पण बोटांत जोरच नाही. खडू धरवत नाही तिला. घरी पीठ मळू द्या, मणी ओवू द्या."

"आमच्याकडे मणी नसतात," आई म्हणाली आणि लेकीला कडेवर घेऊन निघाली.

घरी आल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं. तो बस चालवायचा, बोलणं मोजकं.

"तिचे हात आपण किती दिवस होणार?" त्याने विचारलं.

"तुम्हाला बोलायला काय जातं?"

"माझाही होता तो."

ती लेकीला भरवायला उठली.

रविवारी त्याने मटार आणले. तिघं जमिनीवर बसली. पोरीने शेंग पिळून पाहिली, मग दातांकडे नेली. आईचा हात झपकन तिच्या तोंडाशी गेला. पोरगी बिचकली. नवऱ्याने तो हात अलगद आपल्या हातात घेतला.

"शिवणीवर अंगठा दाब," तो लेकीला म्हणाला.

शेंग फुटली, दाणे घरभर उडाले. पोरगी रांगत रांगत एकेक दाणा चिमटीत धरायला लागली. निसटला की पुन्हा. आईचा जीव टांगणीला लागला होता.

"आई, तू अशी का बघतेस?"

"तुला एक दादा होता."

हे तिने लेकीला कधीच सांगितलं नव्हतं. सगळं ऐकून पोरीने चिमटीतल्या दाण्याकडे पाहिलं.

"त्याला मटार सोलता यायचे?"

"नाही गं. फार लहान होता तो."

पोरीने दुसरी शेंग उचलली.

"या वेगाने जेवण उद्याच मिळणार," बाप म्हणाला, पण उठला नाही. आईही उठली नाही. तिने आपला हात नवऱ्याच्या हातातून सोडवून घेतला आणि मांडीवर ठेवला. तिथेच राहू दिला.