इल्माच्या मापाची बंदूक

लापॉइंटने बंदुकीला हात लावला नाही. आधी पोरीच्या भुवईकडे बघितलं. उजव्या भुवईवर चंद्रकोरीच्या आकाराची जखम होती, ताजी, कडा अजून सुजलेल्या. मग त्याने पोरीच्या आजीच्या भुवईकडे बघितलं. तिथेही चंद्रकोर होती, फक्त ती पांढरी पडून जमाना झाला होता.

"एकाच बंदुकीचा प्रताप का?" त्याने विचारलं.

"एकाच," इल्मा म्हणाली. "दस्त्याला रबराची गादी बसवून द्या. पोरीचा खांदा काळानिळा झालाय. बाकी काही नको."

टेसा तेरा वर्षांची होती, इल्माच्या लेकीची लेक. यंदा तिचा पहिला हंगाम. पंधरा नोव्हेंबरला मिशिगनच्या ह्या उत्तरेकडच्या जंगलात हरणांचा हंगाम उघडतो आणि शाळेला सुट्टी पडते, कारण त्या दिवशी वर्गात बसायला कोणी येतच नाही. मास्तरसुद्धा.

बंदूक रौटियो घराण्याची होती. इल्माच्या सासऱ्याने ती स्वतःच्या मोठ्या रायफलीची बनवली होती. पोराटोरांना पेलावी म्हणून नळी तोकडी केली, दस्ता आतून कोरून पोकळ केला, आणि झाली ‘पोरांची बंदूक’ असं जाहीर केलं. काडतूस तेच, धिप्पाड माणसाच्या बंदुकीचं. दस्त्याची लांबीही तीच. वजन तेवढं काढून टाकलं. घराण्यातल्या प्रत्येक पोराच्या खांद्याला तिने लाथ मारली होती, आणि दस्ता लांब म्हणून मान पुढे ताणावी लागे, तेव्हा बंदुकीवरच्या दुर्बिणीची कड अनेकांच्या भुवईत घुसली होती. ह्याला घरात ‘रौटियोंचा शिक्का’ म्हणत. शिक्का बसला की पुरुष बियरचे डबे उंचावून हसत. लहान पोराच्या डोळ्यावरून रक्त ओघळतंय आणि काका-मामा हसताहेत, हा त्यांचा कौतुकसोहळा.

इल्मा लग्न होऊन आली त्या वर्षी तिलाही शिक्का बसला. वीस वर्षांची होती. जेमतेम पाच फूट उंच. पुढे हंगामात तिचे नेम चुकले. ज्याचा नेम चुकतो त्याच्या सदऱ्याचा शेपटा कापून, त्यावर नाव घालून कँपच्या, म्हणजे रानातल्या शिकारी झोपडीच्या, भिंतीला ठोकायचा, ही तिथली रीत. इल्माचे तीन शेपटे भिंतीवर गेले. शेपटे सगळ्यांचेच होते, तिच्या नवऱ्याचे, गॉर्डीचे तर ओळीने होते. पण पुरुषाचा नेम चुकला की वारा आडवा आला म्हणायचं आणि दुसऱ्या दिवशी परत रानात. इल्माला कोणी हाकललं नाही. हाकललं असतं तर ती भांडली असती. नुसतं कोणीतरी म्हणालं, इल्मा, तुझ्या हातच्या पास्टीला, त्या मांस भरलेल्या करंज्यांना, तोड नाही गं, आज थांबतेस का चुलीपाशी? त्या ‘आज’ची चाळीस वर्षं झाली.

तरी दर वर्षी गॉर्डी तिला शिकारीचा परवाना मात्र काढायला लावायचा. परवान्याबरोबर टॅग मिळतो, मारलेल्या हरणाच्या शिंगाला बांधायचा. गॉर्डीने दुसरं हरीण पाडलं की त्यावर इल्माचा टॅग. कायद्याला ते चालत नाही, कँपला चालतं. कागदावर बघाल तर इल्मा रौटियो म्हणजे मोठी पट्टीची शिकारी. प्रत्यक्षात ती त्या हरणांसाठी कांदे चिरत होती.

आणि काल शनिवारी तिने टेसाला जमिनीवर बसकण मारून भुवई धरताना बघितलं. पोर रडली नाही, नुसती हसली, आजोबांना बरं वाटावं म्हणून. ते हसणं इल्माला ओळखू आलं. रात्रभर तिला दुसरं काही सुचलं नाही. सकाळी बंदूक गाडीत टाकून ती लापॉइंटकडे आली. तो घरामागच्या शेडमध्ये बंदुका दुरुस्त करायचा, जुन्या-नव्या विकायचाही.

लापॉइंट टेसाला म्हणाला, कोपर वाकव. त्याने बंदुकीचा दस्ता तिच्या कोपराच्या बेचक्यात टेकवला आणि तिला चापाकडे बोट न्यायला सांगितलं. बोट पोचेना. मधे चांगलं दोन बोटांचं अंतर राहिलं.

"आता तू," तो इल्माला म्हणाला.

"मी कशाला? बंदूक पोरीची आहे."

"हात दे गं."

इल्माने कोट काढला आणि कोपर वाकवलं. तिचंही बोट तिथेच थांबलं, जिथे टेसाचं थांबलं होतं. लापॉइंटने दोघींचे हात शेजारी शेजारी धरून दाखवले.

इल्मा शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. वरच्या फळीवरचं पातेलं काढायला तिथे तिच्यासाठी स्टूल होतं. गाडी चालवताना पाठीमागे उशी असायची. कामावरचा ॲप्रन तिने पहिल्याच दिवशी दुमडून शिवून घेतला होता. सगळ्या जगाला ती आपल्या मापाला आणत आली होती आणि त्यात तिला कधी लाज वाटली नव्हती. फक्त बंदुकीच्या बाबतीत तिने उलटं धरलं होतं. बंदूक बरोबर, इल्मा चूक. हे तिच्या डोक्यात कोणी घातलं, हे आठवायला तिला फार लांब जावं लागलं नाही.

"ह्याला गादी बसवली तर दस्ता आणखी लांब होईल," लापॉइंट म्हणाला. "मी नाही बसवत." आणि त्याने मागच्या कपाटातून एक आखूड रायफल काढून तिच्या हातात दिली.

इल्माला पहिल्यांदा वाटलं, म्हातारा चुकला. "ही तर त्यापेक्षा जड आहे."

"आहेच. म्हणून तर. धक्का कोणीतरी खायचा असतो. जड असली तर बंदूक खाते, पिसासारखी असली तर पोरगी खाते. तुझ्या सासऱ्याने बंदूक हलकी केली आणि समजला, सोपी केली."

काडतूसही लहान होतं. इल्माने विचारलं, एवढ्याशाने हरीण पडेल?

"जागेवर बसली तर पडेल. डोळे मिटून तोफ डागलीस तरी झाडच पडणार."

दस्त्याला मागे चकत्या होत्या, दोन स्क्रू काढले की निघणाऱ्या. लापॉइंटने सगळ्या काढल्या. पोर वाढेल तशी एकेक घालायची, म्हणाला. मग इल्माकडे बघून म्हणाला, "तू काय आता वाढत नाहीस."

टेसा खुदकन हसली. शेडमध्ये आल्यापासून पहिल्यांदा.

शेडमागे वाळूचा उंच ढिगारा होता. टेसाने दोन गोळ्या झाडल्या आणि खांदा चोळायच्याऐवजी तिसरी मागितली. मग इल्माची पाळी. लापॉइंटने स्वतः बंदूक भरून दिली. तिने गाल दस्त्याला लावला, आणि मान ताणावी लागली नाही ह्याचं तिला नवल वाटलं. चाप ओढला.

नुसतं खट् झालं.

आवाज नाही, धक्का नाही. पण तिचा खांदा मागे गेला होता, डोळे गच्च मिटले होते आणि नळीचं तोंड खाली मातीत वळलं होतं. म्हाताऱ्याने काडतुसाची रिकामी पुंगळी भरली होती.

इल्माचे कान तापले. कोणी हसेल म्हणून ती थांबली. कोणी हसलं नाही.

"तुझा नेम वाईट नाही," लापॉइंट म्हणाला. "तू मार चुकवत होतीस. मार खाल्लेलं कुत्रं काठी बघून जे करतं ते. त्यात कुत्र्याचा काय दोष?"

इल्माने रायफल त्याच्या हातात परत दिली. मग म्हणाली, "परत भरा. आणि सांगू नका काय भरलंय."

रायफल तिने त्याच दिवशी घेतली. पोरांची बंदूक लापॉइंटच्या शेडमध्ये ठेवून आली.

त्यानंतर ऑक्टोबरभर शाळा सुटली की दोघी त्या ढिगाऱ्यावर. एकीने भरायचं, दुसरीने झाडायचं, आणि आत काडतूस की रिकामी पुंगळी हे सांगायचं नाही. रिकाम्या पुंगळीवर जी दचकेल तिने रात्रीची भांडी घासायची. पहिल्या आठवड्यात सगळी भांडी इल्माने घासली. टेसा फार माजली. आजी, तारेची घासणी घे हं, बुडाला लागलंय, असं सोफ्यावरून सांगायची. हळूहळू पारडं फिरलं. महिनाअखेरीस इल्मा पैज वाढवत म्हणाली, आता भांडी नकोत, जी दचकेल तिने हंगामातली पहिली संधी सोडायची. त्या दिवशी नेमकी टेसा दचकली. तिने खूप वाद घातला, नाकावर माशी बसली होती म्हणाली, पण पैज ती पैज.

गॉर्डी एकदा बघायला आला. हात खिशात घालून म्हणाला, खेळणं छान आहे, बुचाची गोळी उडते का? त्याचं म्हणणं, रौटियोंच्या दोन पिढ्या शिक्का घेऊन मोठ्या झाल्या, पोरीला एवढं जपलं तर ती शिकणार कधी. इल्मा म्हणाली, तूच दाखव एकदा. त्याने ऐटीत स्वतःची मोठी रायफल आणली. टेसाने अदबीने भरून दिली. खट्. आणि गॉर्डीचा खांदा हातभर उडाला, नळी ढिगाऱ्याच्या पायथ्याशी गेली.

"आजोबा, आत गोळी नव्हती," टेसा हळूच म्हणाली.

चाप गंजलाय, असं काहीतरी बोलून गॉर्डी गाडीकडे गेला. इल्माला हसू यायला हवं होतं. आलं नाही. त्याच्याही भुवईवर चंद्रकोर होती. आठ वर्षांचा असताना त्याला ती मिळाली होती, आणि तोही तेव्हा हसला होता, बापाला बरं वाटावं म्हणून. एवढा मोठा माणूस आयुष्यभर आपली भीती वाऱ्यावर ढकलत आला. तिला त्याची कीव आली आणि रागही गेला नाही. दोन्ही एकदम येऊ शकतं.

पंधराच्या सकाळी कँपमध्ये पोटभर अंडी झाली, गॉर्डी आणि त्याचे दोघे भाऊ बूट चढवून बसले. गॉर्डीने इल्माकडे न बघताच तळहात पुढे केला, मीठ मागावं तसा.

"इल्मा, टॅग."

"खिशात आहे."

"मग दे की."

"खिशातच राहणार आहे."

गॉर्डीने वर बघितलं. इल्माने शिकाऱ्याचं नारिंगी जाकीट घातलेलं होतं. एक दीर तिच्याकडून चुलीकडे आणि चुलीकडून तिच्याकडे बघत म्हणाला, "मग जेवणाचं?"

हा प्रश्न. एवढ्या वर्षांनी बाई रानात निघाली आणि ह्यांना हा प्रश्न पडला.

"पीठ फडताळात, मांस बर्फाच्या पेटीत," इल्मा म्हणाली. "कांदा डोळ्याला लागतो, तेवढं सांभाळा." तिने दोन पास्ट्या फडक्यात गुंडाळल्या, मोजून दोन, आणि रायफल घेऊन दार उघडलं. टेसा तिच्या मागे. भिंतीवरच्या तीन शेपट्यांकडे इल्माने बघितलंही नाही.

दबा धरून बसायचा दलदलीकडचा आडोसा कोणालाच नको असायचा, म्हणून तो त्यांना मिळाला. चार फळ्या आणि एक बाकडं. बर्फ पायाच्या घोट्याएवढा. दोघी मांडीला मांडी लावून बसल्या. कितीतरी वेळ एका खारीशिवाय काही हललं नाही. मग कँपच्या बाजूला झाडांवरून काळा धूर वर चढायला लागला. दाट, भसाभस.

"आजी, आग लागली का?" टेसा कुजबुजली.

"चूल परत पेटवलीय. धुराड्याची झडप उघडायची असते हे त्यांना सुचेल आता. खोकल्यावर सुचतंच."

टेसा हातमोजा तोंडात कोंबून हसायला लागली, आणि हसता हसता गप्प झाली. इल्मानेही बघितलं. देवदारांच्या मधून नर बाहेर आला होता. मोठा नव्हता, शिंगांना तीन तीन टोकं. मान खाली घालून बर्फ हुंगत होता.

टेसाने तिच्या गुडघ्याला बोट लावलं. पैज ती पैज.

इल्माने रायफल उचलली. दस्ता खांद्यात बसला, गाल बसला, बोट चापावर आपोआप आलं. दुर्बिणीत हरणाचा खांदा आला, त्यावरचे केससुद्धा दिसत होते. ह्या बंदुकीत काडतूस तिने स्वतः भरलं होतं. तरी तिने स्वतःला सांगितलं, आत काय आहे तुला माहीत नाही. आणि श्वास सोडता सोडता चाप ओढला.

डोळे उघडे होते.

बंदूक सुटते तेव्हा काय दिसतं हे तिला एवढ्या वयात माहीत नव्हतं. आता दिसलं. फांदीवरचा बर्फ पिठासारखा सांडला. हरणाच्या खांद्यावर केस विस्कटले. ते उसळलं, चार उड्या मारून देवदाराच्या बुंध्याशी गेलं आणि गुडघे मोडून बसलं. मग आडवं झालं. सगळं काही तिने बघितलं.

"आजी, लागली का?"

"बघितलं मी," इल्मा म्हणाली.

नियमाप्रमाणे थोडं थांबायचं असतं. दोघींनी एकेक पास्टी खाल्ली.

दोघी हरणापाशी पोचल्या तेव्हा समोरून गॉर्डी बर्फ तुडवत येताना दिसला. तोंड काजळीने काळं झालेलं, डोळे लाल. दलदलीकडून बार ऐकून तो निघाला असणार. जाकिटाच्या खिशातून शेपटे कापायच्या कात्रीची मूठ बाहेर डोकावत होती.

त्याने हरणाकडे बघितलं. पोरीकडे बघितलं. पोरीने आजीकडे बोट दाखवलं.

इल्मा गुडघ्यांवर बसून खिशातून टॅग काढत होती. दोरा ओवला, पण बोटं गारठलेली, आणि हरणाचं डोकं बर्फात एका बाजूला कलंडलेलं. दोरा शिंगाखालून जाईना. तिने कोणाला हाक मारली नाही. पुन्हा प्रयत्न केला.

गॉर्डी उभा होता. मग हातमोजे काढून तो खाली बसला. कात्री खिशातून अर्धी वर आली होती, ती त्याने आत ढकलली. दोन्ही हातांनी शिंगं धरून त्याने डोकं उचललं आणि तसंच धरून ठेवलं, तिला गाठ मारायला सोपं जावं म्हणून.