बारशाची भरती

केसरला त्या दिवशी राग यायला नवं कारण लागलंच नाही. तीन वर्षांचा जुना राग होता, बरणीतल्या लोणच्यासारखा मुरलेला. सकाळपासून ती बारा दिवसांच्या लेकीला मांडीवर घेऊन ओटीवर बसली होती, आणि तिची सासू नीराबाई अंगणात उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक बाईला एकच गोष्ट ऐकवत होती. आज चौथ आहे, तीनच्या सुमाराला भरती पुरी होईल, आणि या खेपेला कुणामुळे खोळंबा होणार नाही. ‘कुणामुळे’ म्हणताना ती सुनेकडे बघत नव्हती. बघायची गरजच काय होती म्हणा! ते कोण, हे थळच्या अख्ख्या कोळीवाड्याला पाठ होतं.

त्यांच्या घराची रीत अशी होती की मूल बारा दिवसांचं झालं की बापाने त्याला छातीभर पाण्यात न्यायचं आणि तीनदा गळ्यापर्यंत बुडवून आणायचं. दर्याला दाखवायचं म्हणत त्याला. एकदा दाखवलं की दर्या त्या पोराला जन्मभर ओळखतो. पाणी मात्र चढतं हवं. ओहोटी लागली की पोराला पाण्याजवळ न्यायचं नाही, कारण उतरतं पाणी हाती लागेल ते घेऊन जातं. आईने नारळ घेऊन पुळणीवर थांबायचं, एवढंच तिचं काम.

केसरच्या पहिल्या मुलालाही असंच नेलं होतं, ऐन पौषात, दात वाजतील अशा थंडीत. भरती सकाळी साडेसातची होती. ही सगळी वरात पोचली तेव्हा सव्वाआठ होऊन गेले होते आणि ओल्या वाळूचा चांगला हातभर पट्टा उघडा पडला होता. पण पाहुणे आलेले, घरी वडे तळून झालेले, मग माघारी कोण फिरतं? केसरचा नवरा गुणाजी पोराला घेऊन पाण्यात शिरला, तीनदा बुडवून आला. चौथ्या दिवशी पोर तापाने गेलं.

मग काय, खापर फोडायला डोकं हवं होतं, ते केसरचं सापडलं. सून नटत बसली, तिच्यामुळे उशीर झाला, ओहोटीचं पाणी माझ्या नातवाला लागलं, असं नीराबाई सांगत सुटली. विहिरीवर तेच, मासळी सुकवताना तेच, दुसऱ्याच्या बारशाला गेलं तरी तेच. बाया केसरकडे बघायच्या आणि आपली पोरं जरा जवळ ओढायच्या. तेवढ्यानेच तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

खरं काय घडलं ते फक्त दोघांना माहीत होतं. त्या सकाळी केसरने पोराला उचललं तेव्हा त्याचं अंग कढत लागलं. तिने गुणाजीला चुलीपाशी बोलावलं, पोराच्या कपाळाला हात लावायला लावला, म्हणाली आज नेऊ नका. गुणाजी म्हणाला, पाहुणे आलेत, आई तोंड सोडेल, तू गप राहा. ती पोराला सोडेना, तो मागे हटेना, आणि या झटापटीत तो पाऊण तास गेला. नटली म्हणे! कुंकूसुद्धा लावलं नव्हतं बाईने.

तिने हे एकदा सासूला सांगितलंही होतं. नीराबाईने लेकाला समोर उभं करून विचारलं. तो खाली बघत म्हणाला, मला काही आठवत नाही. वादळात शीड उतरवायला सगळ्यांच्या आधी धावणारा गडी, पण आईपुढे तोंडात मिठाची गुळणी. त्या दिवसापासून केसर नुसती पोरखाऊ राहिली नाही, खोटारडीही झाली. पुरुष मेला घाबरट असावा, पण इतका?

अशा माणसाच्या हातात आज लेक द्यायची होती.

अडीचलाच सगळे पुळणीवर आले. फाल्गुनाचं ऊन होतं, खांदेरीच्या बेटापर्यंत पाणी नुसतं लखलखत होतं. लाटा वाळूवर एकेक वीत वर चढत होत्या. पंधरावीस बायका, शेजारची आवडाबाई आरतीचं ताट घेऊन, आणि सगळ्यांच्या पुढे नीराबाई. गुणाजी पाण्याच्या कडेला उभा राहिला आणि त्याने हात पुढे केले.

केसरने लेक दिली नाही.

आधी कुणाच्या ध्यानात आलं नाही. मग नीराबाई म्हणाली, दे गो लवकर. केसरने लेकीला पदरात आणखी घट्ट घेतलं. तिचा आवाज चढला नाही, पण बायकांची कुजबूज जागच्या जागी थांबली.

“पयल्या पोराच्या येळेला उशीर कुनामुलं झाला, ते आधी सांगा. सगल्यांच्या म्होरं सांगा. मंग पोर देतो.”

गुणाजीने इकडेतिकडे बघितलं. इथे कशाला, घरी बोलू, असं काहीतरी तो पुटपुटला. घरी तीन वर्षं होती, केसर म्हणाली, एका दिवशी तरी बोललात का? नीराबाईच्या तोंडाचा पट्टा सुटला. सून मुद्दाम करते आहे, हिला हेही पोर घालवायचं आहे, पाणी बघा, पाणी पुरं होत आलंय. आवडाबाईने मध्ये पडून केसरला समजावलं की बाई, आधी पोरीचं कर, भांडण पळून जात नाही. केसर हलली नाही. बारा दिवसांची बाळंतीण, पण उभी होती.

पाणी आवडाबाईच्या चपलांपर्यंत आलं आणि तिथेच राहिलं. तिथे जमलेल्या प्रत्येक माणसाचा जन्म त्या पाण्यावर गेला होता, कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती. भरती पुरी झाली होती. आता फार तर चार लाटा. नीराबाई छाती बडवायला लागली. गुणाजीने केसरच्या तोंडाकडे बघितलं, आणि आज ही बाई ऐकणार नाही हे त्या शहाण्याला तीन वर्षांनी उमगलं.

एक लाट चपलांपर्यंत न पोचताच फुटली. दुसरी त्याहून खाली राहिली.

“पोराचं आंग त्याच सकाली तापलं व्हतं, आये,” गुणाजी म्हणाला. “तिनं मना सांगितलं व्हतं. नेऊ नका म्हनून पाया पडली. मीच म्हनलो, गप र्‍हा.”

नीराबाईचे हात छातीवरच राहिले. मग ती मटकन वाळूत बसली आणि लेकाकडे अशी बघत राहिली की जणू याला कुठेतरी पाहिलंय पण नाव आठवत नाही. सुनेची माफी तिने मागितली नाही. ती त्यातली बाईच नव्हती, आणि केसरलाही आता तिची माफी नको होती.

ओल्या वाळूचा पट्टा उघडा पडायला लागला. गुणाजी रडत होता, आणि रडतारडता त्याने पुन्हा हात पुढे केले. इतके पाहुणे आलेत, जाऊ दे ओहोटी, पटकन बुडवून आणतो, असं म्हणाला. ऐकलंत? पुन्हा तेच!

केसरला वाटलं, हातातला नारळ याच्याच डोक्यात फोडावा. ती इतकंच म्हणाली, “भरती उद्या पन येतं. तवा पन दुसऱ्या दिवशी आलीच असती.”

आणि ती घराकडे चालू लागली. बायका बाजूला झाल्या. या खेपेला कुणी आपलं पोर जवळ ओढलं नाही.

दुसऱ्या दिवशी पावणेचारला भरती होती. केसरने आधी लेकीचं कपाळ पाहिलं, पोट पाहिलं, पावलं पाहिली. कुठेच ताप नव्हता. मग कुणाला न बोलावता ती निघाली. गुणाजी मागून आला, त्याला तिने पुळणीवर थांबवलं आणि त्याच्या हातात नारळ दिला. आईची जागा आज त्याची.

आजवर त्या घरातली कुठलीही बाई पोर घेऊन पाण्यात शिरली नव्हती. केसर लुगड्याचा काष्टा आवळून शिरली. गुडघे, कंबर, छाती. पाणी चढतं होतं, मागे ढकलत होतं. नवऱ्याची सगळी बोलणी, सासूची सगळी बोलणी तिच्या डोक्यात उकळत होती, तरी तिने लेकीला दोन्ही हातांवर अलगद धरलं, पाण्यात सोडल्यासारखं केलं आणि गळ्यापर्यंत बुडवलं. एकदा. दोनदा. पोरीने हातपाय झाडले, बेडकीसारखे, जणू पोहायलाच निघाली होती. तिसऱ्यांदा मात्र तिने असं भोकाड पसरलं की किनाऱ्यावर सुकत घातलेल्या जाळ्यांवरचे कावळे उडाले.

गुणाजी घाबरून पुढे धावला. गप कर तिला, गप कर, असं ओरडत तो गुडघाभर पाण्यात आला.

केसरने त्याच्याकडे पाठ फिरवली आणि लेकीचं ओलं, लालभडक तोंड आपल्या तोंडाशी धरलं.

“रड बाय,” ती म्हणाली. “चांगली वरडून रड. तुला कुनी गप र्‍हा म्हनलं ना, तरी गप र्‍हायचं न्हाय.”