वीस शब्दांची चाचणी

टेबलावर टेप रेकॉर्डर एक, रीळ एक, बंद लिफाफा एक. खुर्च्या तीन. रिळावर चार आवाज, प्रत्येकाच्या तोंडी तेच वीस इंग्रजी शब्द. रुपरावनं सगळं दोनदा मोजलं आणि तो दत्तोपंतांची वाट पाहू लागला.

साल १९६८. शहराच्या महाल भागातल्या एका कॉलेजात दत्तोपंत रसायनशास्त्राचे विभागप्रमुख होते. कोणाला कायम करण्याआधी ते त्याच्याकडून आपल्या यादीतले वीस शब्द म्हणवून घेत. दोनदा पंधराच्या खाली गुण पडले, की नोकरी गेलीच समजा. हुडकेश्वरच्या खेड्यातून सायकलनं येणारा हंगामी प्राध्यापक रुपराव एम.एस्सी.ला पहिला आलेला. पण गेल्या साली त्याला भर वर्गात नऊ मिळाले. ‘लॅबोरेटरी’ तीनदा म्हणायला लावून दत्तोपंत म्हणाले होते, “पुरे! ही प्रयोगशाळा आहे, हुडकेश्वरचं वावर नाही.”

पोरं हसली. रुपरावही हसला. त्या रात्री तो ताटातली भाकर नुसती कुस्करत राहिला.

“काहून रे, जेवत नाहीस?” आईनं विचारलं.

“जेवून राहिलो न.”

यंदाची संधी शेवटची. त्यानं प्राचार्यांना गाठून आपलं म्हणणं मांडलं. बोलणारा दिसू नये, नुसता आवाज ऐकून गुण द्यावेत. आणि इंग्रजी ज्यांची मायबोली आहे, तेच पंधरा गाठत नसतील, तर चाचणी बंद करावी. प्राचार्यांना पटलं. चारही नावं लिफाफ्यात राहतील असं ठरलं. दत्तोपंतांना फक्त आवाज ऐकून गुण द्यायचे एवढंच सांगितलं; त्यांनाही मौज वाटली.

“लाव रे,” ते बसता बसता म्हणाले.

पहिला आवाज. “पंजाबी! ‘बस’ला ‘बुस’ म्हणतो.”

दुसरा. “हा मद्रासी. ‘र’ बघा कसा गडगडतोय.”

तिसरा. “स्केजूल? हा सिनेमे पाहून शिकलाय.”

प्राचार्यांनी लिफाफा स्वतःकडे ओढून घेतला. हे तिघे गाठायला रुपरावनं पाच महिने रविवारी सायकल हाणली होती. चौथ्यासाठी मात्र कुठं जावं लागलं नव्हतं. गेल्या वर्षी विद्यार्थ्यांसाठी म्हणून दत्तोपंतांनी स्वतः यादी वाचून त्याच्याकडूनच टेप करवून घेतली होती, आणि ती पुन्हा कधी ऐकली नव्हती. माणसाला स्वतःचा आवाज कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो. टेपवर तो परक्यासारखा वाटतो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा रुपरावलाही स्वतःचा आवाज ओळखू आला नव्हता.

चौथा आवाज सुरू झाला. तिसऱ्याच शब्दाला दत्तोपंतांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

“अरे, हा तर आपला रुपराव! आवाज घोगरा केला म्हणून काय झालं? वावर काही लपत नाही.”

रुपरावनं फिरत्या रिळावरची नजर हलवली नाही. “गुण लिहा, सर.”

दत्तोपंतांनी ठसक्यात चौघांचे गुण लिहिले, खाली सही केली. प्राचार्यांनी लिफाफा फोडला आणि नावांपुढे गुण वाचत गेले.

“पहिला, लँकशायरचे इंजिनियर, अकरा. दुसरा, ग्लासगोचे पाद्री, बारा. तिसरा, आयोवाचे शेतीतज्ज्ञ, आठ. चौथा, आदर्श वाचन, दत्तोपंत, सहा.”