सुनंदाने त्यांना उठवलं नाही

फौजेतून निवृत्त झालेले हवालदार गुलाबराव सत्त्याण्णव साली दिल्लीजवळ मानेसरच्या एका नव्या कारखान्याची बस चालवत. रात्रपाळी आटोपून ते सकाळी झोपले, की त्यांची बायको सुनंदा स्वयंपाकघरातून कान देऊन असे. घोरणं चालू, तोवर ठीक. ते तुटलं, की लाटणं टाकून धावायचं आणि त्यांना हलवायचं. मग श्वास यायचा, त्याबरोबर मूठही यायची. आज ती सुनंदाच्या तोंडावर बसली. दात ओठात रुतला, पदर रक्ताने भिजला.

"झोपू देशील की नाही? वैरीण नुसती!"

"अहो, श्वास थांबला होता तुमचा."

"घोरतोय म्हणजे गाढ झोपलोय. बिल्कुल ठीक आहे मी!"

मग परवा बस चालवताना डोळा लागून चहाचा ठेला कसा चिरडला, सुनंदाच्या मनात आलं. चहावाला जेमतेम वाचला. बसमध्ये चाळीस माणसं होती.

दुपारी कंपनीची वार्षिक तपासणी होती. गुलाबरावांनी रक्तदाबाच्या तीन गोळ्या एकदम गिळल्या. फौजेत मेडिकल कॅटेगरी, म्हणजे तब्येतीचा दर्जा, उतरली की बढती अडते, म्हणून तेव्हापासून त्यांची हीच रीत. एरवी एकही नाही, तपासणीला तीन.

"डॉक्टरसमोर बोललीस तर जीभ उपटीन," ते म्हणाले. सुनंदा तरीही मागोमाग गेली.

दवाखान्यात बाकावर बसल्या बसल्या गुलाबरावांना झोप लागली. रांगेतली पोरं हसली, "उस्ताद का इंजन चालू!" मग घोरणं तुटलं. सुनंदाचा हात सवयीने पुढे गेला. तिने तो आवरला. डॉक्टर दारातच उभे होते.

"रुकिए डॉक्टरसाहब. देखिए."

छाती धडपडत होती, हवा आत जात नव्हती. ओठ निळे पडले. हसणं विरलं. आपणच यांचा गळा दाबतोय, असं सुनंदाला वाटलं. न राहवून कंपाउंडर वाकला, तोच गुलाबराव गचका देऊन उठले आणि त्यांची मूठ त्याच्या नाकावर बसली. भिंतीवर रक्त उडालं.

चौघांनी धरल्यावर रक्तदाबाचा पट्टा बांधता आला. दोनशेदहा. तेही तीन गोळ्या पोटात असताना.

डॉक्टरांनी नीट समजावलं. झोपेत गळ्याची वाट मिटते, शरीर घाबरतं, हृदय जिवाच्या आकांताने रक्त ढकलतं. रोज असं घडलं, की तो दाब दिवसाही उतरत नाही. गोळी रोज हवीच, पण झोपेचाही इलाज हवा. तोवर बस बंद.

"माझी नोकरी खाल्लीस!" गुलाबरावांनी सर्वांदेखत हात उगारला.

सुनंदा मागे सरली नाही.

"मारा. झोपेत मारलंत, ते मी सोसलं. आत्ता तुम्ही जागे आहात." मग ती डॉक्टरांकडे वळली. "साहब, मेरा ये होंठ भी लिख लीजिए."

डॉक्टरांनी तिच्या जखमेच्या नोंदीसाठी नवा कागद ओढला.